छत्रीचा दांडा

(दृश्य: परळ, जुलैची सकाळ. पुलावर ओल्या छत्र्यांची दाटी.)

कोणीतरी खोकतंय. ‘व्हायरल आहे हो’, म्हणत मुंबईकर गाडी पकडतो. पाऊस आणि फ्लू या शहरात जोडीनंच येतात.

पुलापासून थोड्याच अंतरावर हाफकिन संस्था. वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्यात प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढे जून १९१८ मध्ये सात पोलीस शिपाई तापानं फणफणले, आणि इन्फ्लुएन्झा, म्हणजे हाच फ्लू, मुंबईत पसरला. तेव्हा टोचायला काहीच नव्हतं. माणसातला हा विषाणू सापडला तोच १९३३ साली.

(दृश्य: अंड्यांचे ट्रे.)

हा विषाणू सारखा रूप बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीसाठी नवे विषाणू निवडते. मग सहाएक महिने लस बनवण्यात जातात, आणि तीही बहुतेक कोंबडीच्या अंड्यांत! फलित अंडं दहा-अकरा दिवसांचं झालं की त्यात विषाणू सोडायचा, दोन-तीन दिवस वाढू द्यायचा, मग आतला द्रव काढून घ्यायचा. गोची अशी, की विषाणू कधीकधी अंड्यालाच सरावतो आणि थोडा बदलतो. मग लस पुलावरच्या खोकल्याशी नीट जुळत नाही.

अंड्यावाचूनही लस होते. अमेरिकेत २०१२ साली कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवलेल्या लशीला मान्यता मिळाली, २०१३ मध्ये कीटकांच्या पेशींत बनवलेल्या प्रथिनाच्या लशीला. पेशींना विषाणूचं प्रथिन बनवायची कृती देणाऱ्या एमआरएनए लशींच्याही चाचण्या झाल्या आहेत.

(दृश्य: छत्री दुरुस्त करणारा कारागीर.)

खरी शोधाशोध मात्र वेगळीच आहे. विषाणूवरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन या छत्रीसारखं समजा. कापड दरसाल नवं, दांडा जवळपास तोच. आजच्या लशी शरीराला मुख्यतः कापड ओळखायला शिकवतात. दांडा ओळखणारी लस जमली, तर दरवर्षीची धावपळ टळेल. अजून ती बाजारात आलेली नाही.

(दृश्य: नाकात फवारा.)

आता सुई टाळण्याचं. २००९ च्या स्वाइन फ्लूनंतर, २०१० मध्ये, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं नाकात फवारायची लस आणली. तिच्यातला विषाणू जिवंत, पण दुबळा; नाकाच्या गारव्यात वाढतो, फुप्फुसाच्या उबेत तग धरत नाही. मला ही युक्ती भारी आवडते.

पण मुंबईसाठी मी बोट ठेवीन ते लशीच्या पट्टीवर. अमेरिकेत अटलांटामध्ये शंभर जणांवर झालेल्या तिच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. पट्टीवर शंभर अतिसूक्ष्म सुया. मनगटावर दाबली की काही मिनिटांत त्या कातडीत विरघळतात. काही जणांनी ती स्वतःच्या हातानं लावली. ही पट्टी ४० अंशांत वर्षभर टिकली. आजच्या लशीला मात्र २ ते ८ अंशांचा गारवा लागतो.

(दृश्य: पुन्हा पूल.)

शिवाय लशीचा गुण यायला दोनेक आठवडे जातात. म्हणजे इथे ती घ्यायची मे महिन्यात, छत्र्या अजून माळ्यावर असताना.