पार्टटाईम काम शोधताय? आधी तासाचा हिशोब करा

आज सुरुवात खाड्यापासून करते. पुण्यात मेस लावलेल्यांना लगेच कळलं असेल, बाकीच्यांसाठी सांगते, खाडा म्हणजे तुम्ही जेवायला आला नाहीत तो दिवस, आणि त्याचे पैसे महिन्याच्या बिलातून वजा होतात, पण आधी सांगितलं असेल तरच. मी उदगीरहून इथे आले त्या पहिल्या दिवाळीला बारा दिवस घरी होते, मेसच्या मावशींना काही न सांगता गेले आणि पूर्ण महिन्याचे 2,800 भरावे लागले. मावशींनी वही काढून दाखवली, माझ्या नावापुढे रोजची खूण होती, म्हणजे माझ्या वाटणीचं अन्न रोज शिजलं होतं, त्यांची काहीच चूक नव्हती. माझे अकराशे रुपये फक्त एक फोन न केल्यामुळे गेले, आणि तेवढ्यासाठी नंतर मी तीन रात्री केटरिंगला गेले होते.

त्या केटरिंगचंच सांगते, कारण पार्टटाईम म्हटलं की पहिलं तेच समोर येतं. लग्नाचा सीझन, रात्रीचे 500 रुपये, ऐकायला मस्त वाटतं. पण लॉन असतो गावाबाहेर, दुपारी चारला हजर व्हायचं, सगळं आवरून रूमवर यायला दोन वाजतात, त्या वेळी बस नाही, मग चौघांत रिक्षा, शंभर रुपये तिथे गेले. म्हणजे हातात 400 आणि तास झाले दहा. तासाला 40 रुपये! आणि सकाळचं लेक्चर बुडालं ते वेगळंच.

आता माझ्याच रूममेटचं बघा, ती आमच्याच गल्लीतल्या दोन मुलांची आठवीची गणित-सायन्सची शिकवणी घेते, रोज एक तास, दोघांचे मिळून महिन्याला 3,000. महिन्यात साधारण 22 तास होतात, म्हणजे तासाला एकशे पस्तीसच्या आसपास, आणि जायचं यायचं चालत. तर काम घेताना "किती देणार" एवढंच नका विचारू, जाण्यायेण्याचा वेळ धरून तास मोजा, पेट्रोल, रिक्षा, बाहेरचं खाणं वजा करा आणि मग भागाकार करा. डिलिव्हरीलाही हेच, गाडीचं सर्व्हिसिंग आणि टायरसुद्धा त्यात धरा, ते बहुतेक जण विसरतात.

आणि बाहेर शोधण्याआधी आपल्याच कॉलेजात विचारा ना! सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना आहे, पुणे, नाशिक, अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांतल्या बऱ्याच कॉलेजांत चालते, लायब्ररी, ऑफिस, बाग अशी कामं असतात. कर्मवीर भाऊराव पाटलांची ही वाट, 1947 ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेच मुळी पोरांनी कमवून शिकावं म्हणून. तासाचा दर फार मोठा नाहीये हे खरं, पण प्रवास शून्य, लेक्चर संपलं की काम आणि परीक्षेच्या दिवसांत समजून घेणारी माणसं, मला हे खूप मोलाचं वाटतं. विद्यार्थी विकास अधिकारी कोण आहेत ते ऑफिसात विचारा आणि फॉर्म वर्षाच्या सुरुवातीलाच भरा, नोव्हेंबरात गेलात तर जागा भरलेल्या असतात.

घरून पैसे आले की मी काय करते, तर त्याच दिवशी रूमभाडं, मेस आणि बसचा पास उरकते, उरलेल्याचे चार भाग करते आणि दर सोमवारी एकच भाग यूपीआयवाल्या खात्यात टाकते. गुरुवारी तो संपला तर संपला, मग सोमवारपर्यंत कटिंगसुद्धा नाही.

स्कॉलरशिपचे पैसे मात्र या हिशोबात धरू नका, महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचे, हप्ते उशिरा येतात. आणि एक गोष्ट नक्की बघा, ते पैसे फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही, आधार ज्या खात्याला जोडलेलं आहे तिथे जातात. माझ्या वर्गातली एक मुलगी सहा महिने वाट बघत होती आणि पैसे गावच्या बँकेत शाळेत असताना उघडलेल्या खात्यात पडून होते. आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस असं येतं, दोन मिनिटांत कळतं.

आता फसवणुकीचं. घरबसल्या डेटा एंट्री, फक्त रजिस्ट्रेशनचे 1,500 भरा, असे मीही भरलेत आणि नंतर नंबर बंद. काम देणारा आधी पैसे मागत असेल तर ते काम नाही, विषय संपला. पण त्याहून वाईट प्रकार सध्या हॉस्टेलांत चालतो, "तुझं खातं वापरू दे, दर महिन्याला पाच हजार देतो." त्या खात्यातून कुणाच्या तरी फसवणुकीचे पैसे फिरतात, आणि पोलीस आधी येतात ते ज्याचं नाव खात्यावर आहे त्याच्याकडे, खातं गोठतं, केस होते, पोरगं एकोणीस वर्षांचं असतं. पासबुक, एटीएम कार्ड, सिम, यातलं काहीच कुणाला देऊ नका. तुमचे पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात. आणि रूमवरच्या कुणी आधीच खातं दिलं असेल तर त्याला ओरडू नका, उद्या सकाळी त्याच्यासोबत बँकेत जा आणि तिथून पोलीस स्टेशनला, एकट्याला पाठवू नका.