ग्रुमन गूज : पाणी, चाकं आणि मीठ

मंडळी, ग्रुमन गूज हे विमान काही लष्करासाठी जन्माला आलं नाही. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर राहणाऱ्या काही धनाढ्य उद्योजकांना घराजवळच्या पाण्यावरून उडून थेट शहरात कामाला जायचं होतं. त्यांच्या मागणीवरून तिथल्याच ग्रुमन कंपनीनं हे उभयचर, म्हणजे पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं विमान बांधलं. २९ मे १९३७ ला ते पहिल्यांदा उडालं. पुढे अमेरिकेचं नौदल आणि तटरक्षक दल, ब्रिटन, कॅनडा, पोर्तुगाल अशा अनेकांनी ते वापरलं. एकूण ३४५ विमानं झाली. अलास्कातल्या अकुटान बेटावर तर २०१२ पर्यंत गूजच माणसं ने-आण करत होतं.

रचना अशी : खाली बोटीसारखं धातूचं धड, वर ४९ फुटी पंख, पंखांवर प्रत्येकी ४५० अश्वशक्तीची दोन वास्प ज्युनिअर इंजिनं. इंजिनं इतकी उंच का? पाण्याचे तुषार इंजिनांच्या पंख्यांपासून (प्रोपेलरपासून) लांब राहावेत म्हणून. पंखा भर वेगात फिरत असताना त्यावर पाणी आपटलं, की पात्याची कड खरवडल्यासारखी होते.

पाण्यावरून उठताना सुरुवातीला योक (नाक वर-खाली करायचा वैमानिकासमोरचा दांडा) पूर्ण मागे खेचलेला असतो. नाक वर येतं, वेग वाढतो आणि धड पाण्यावर घसरायला लागतं. मग योक हळूच सैल सोडायचा. धडाच्या तळाला पायरीसारखा खाच असतो. तिथे पाण्याची पकड सुटते. तळ सपाट असता तर पाण्यानं त्याला चिकटवूनच ठेवलं असतं. दोन्ही पंखे एकाच दिशेनं फिरतात, म्हणून विमान डावीकडे ओढतं. कमी वेगात सुकाणूला जोर नसतो. थ्रॉटल, म्हणजे इंजिनांची ताकद कमी-जास्त करायचे दांडे, छतापाशी आहेत. त्यातला डावा आधी थोडा पुढे ढकलायचा आणि दिशा सरळ ठेवायची. नाक वरखाली डुचमळू लागलं तर ते दाबून बसवायला जाऊ नका. योक मागे घ्या, ताकद कमी करा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. कारण तसंच रेटलं तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो.

आरशासारखं शांत पाणी दिसलं की नवख्याला हायसं वाटतं, पण धोका तिथेच जास्त. उंचीचा अंदाजच येत नाही. किनारा एका बाजूला नजरेत ठेवून, इंजिनांची थोडी ताकद ठेवून, मिनिटाला सुमारे १५० फूट या गतीनं उतरत राहायचं आणि पाणी लागेपर्यंत काही बदलायचं नाही.

आता चाकं. मूळ गूजमध्ये ती हातानं हँडल फिरवून वर-खाली करतात. जमिनीवर चाकं मिटलेली राहिली तर धडाचा तळ घासतो आणि दुरुस्तीचा खर्च येतो. पाण्यावर चाकं खाली राहिली तर ती पाण्यात रुततात आणि विमान नाकावर उलटतं. ही चूक जीव घेते. म्हणून 'चाकं खाली' एवढं म्हणून भागत नाही. 'पाण्यावर उतरतोय, चाकं वर' असं पूर्ण वाक्य मोठ्यानं म्हणायचं आणि डोळ्यांनी बघायचं.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं सगळं धुवायचं : चाकांचे कप्पे, ब्रेक, सांधे, नियंत्रण पृष्ठांच्या (पंख-शेपटीवरच्या हलत्या फळ्यांच्या) बिजागऱ्या. ॲल्युमिनियमला पोलादी बोल्ट जिथे भिडतो, तिथे मीठ शिरलं की ॲल्युमिनियम खाल्लं जाऊन त्याची पांढरी भुकटी व्हायला लागते. चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीसही पाण्यानं धुऊन जातं, ते वेळेवर बदलावं लागतं.

धडाच्या आत जलरोधक कप्पे आहेत. प्रत्येकाच्या तळाचा प्लग काढून पाणी बाहेर सोडायचं आणि कोणत्या कप्प्यातून किती निघालं ते लिहून ठेवायचं. एकाच कप्प्यातलं पाणी रोज वाढत असेल, तर तिथला रिव्हेट ढिला झालाय किंवा सांध्यातलं सील गेलंय. प्लग काढताना मोजा. विमान पाण्यात सोडण्याआधी तेवढेच परत बसलेत का, ते हात लावून पाहा.