बोटावरचा चिमटा काय सांगत नाही

पत्रिकेत माझा विषय 'रक्त आणि श्वास' असा छापलाय, त्याबद्दल चालकांचे आधी आभार. नोकरीत हे कधी जमलं नाही. रक्ताचा विभाग एका मजल्यावर, श्वासाचा दुसऱ्या, आणि अनुदानाच्या अर्जात विषयाचा रकाना एकच. मी दोन्ही लिहायचो, अर्ज परत यायचा.

मूळचा मी आनुवंशिक रक्तविकारांचा माणूस. फुफ्फुसांकडं वळलो ते निपाणीमुळं. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांची स्पायरोमेट्री करत होतो. तोंडात नळी द्यायची आणि ओरडायचं, 'मावशी, फुंका, अजून फुंका, थांबू नका!' पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मशीन मोजतं. एका मावशींची फुंकर ठणठणीत आली, पण चार पायऱ्या चढल्या की धाप. खालची पापणी ओढून बघितली तर आतून पांढरीफटक. रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन १०० मिलिलिटरमागे जेमतेम ५ ग्रॅम. हवा आत येत होती, ती पुढं न्यायला रक्तच नव्हतं.

कोविडपासून घरोघरी तो बोटाचा चिमटा, म्हणजे ऑक्सिमीटर, आलाय. लोक म्हणतात, 'डॉक्टर, ९८ आलंय, म्हणजे ऑक्सिजन भरपूर.' तसं नाही हो. समजा बेळगाव-खानापूर मार्गावर रोज १५ बस सुटतात आणि आज ५च सुटल्या, पण खचाखच भरून. चिमटा सांगतो, बस भरल्यात. किती सुटल्या, ते त्याला ठाऊकच नसतं. १ ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिन १५ असेल तर १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजन मावतो. ५ असेल तर साडेसहाच्या आसपास. चिमट्यावर आकडा दोघांचाही ९८ येऊ शकतो. बिडी ओढणाऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, आणि साधा चिमटा त्यालाही ऑक्सिजनच समजतो!

रक्त कमी म्हटलं की आपल्याकडं लोहाच्या गोळ्या सुरू. बहुतेकांना त्या लागतातच. पण गोळ्या खाऊनही तांबड्या पेशी लहानच राहिल्या, तर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, बघा आणि हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणी करून घ्या. त्यातला ए-टू हा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर गेला, तर बहुधा तो माणूस थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा, वाहक. वाहकाला स्वतःला फारसं काही होत नाही. प्रश्न लग्नात येतो, आणि या भागात मामाची मुलगी करायची रीत अजून आहे. रीत मोडा असं मी सांगत नाही, तेवढी माझी छाती नाही. तपासणी करा एवढंच म्हणतो. दोघंही वाहक असतील तर दर गर्भारपणात चारात एक शक्यता गंभीर आजाराची असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तिघं सुटली, असा हिशेब निसर्ग ठेवत नाही.

आता सिकल सेल, असाच आनुवंशिक रक्तविकार. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. त्यांचा रुग्ण ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी. तो इस्पितळात आला होता खोकला आणि ताप घेऊन! म्हणजे ज्याच्यामुळं हा रक्ताचा आजार पुस्तकात गेला, त्याची तक्रार छातीची होती. पुढं १९४९ साली रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी दाखवलं की खोट हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, आणि काही वर्षांत व्हर्नन इनग्राम या शास्त्रज्ञांनी तिची नेमकी जागा शोधली: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत अमिनो आम्लांचे १४६ दुवे, त्यातला सहावा बदललेला.

हे हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडलं की एकमेकांना चिकटून दोऱ्या बनवतं, आणि पेशी वाकडी होते. वाकड्या पेशी बरगडीच्या हाडात अडकल्या की असह्य कळा येतात. कळा येतात म्हणून पोर खोल श्वास घेत नाही. उथळ श्वासानं फुफ्फुसाचे खालचे कोपरे मिटतात, तिथं ऑक्सिजन घटतो आणि तिथल्या पेशीही वाकड्या होतात. या फेऱ्यात जीव जाऊ शकतो.

तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र तुम्ही ऑपरेशन झालेल्या माणसाच्या उशाशी पाहिलं असेल. नळीतून श्वास ओढायचा, चेंडू वर उचलायचे. छाती-पाठीच्या कळा घेऊन दाखल झालेल्या सिकल सेलच्या मुलांना असल्या यंत्रावर, जागेपणी दर दोन तासांनी दहा खोल श्वास घ्यायला लावले, तर फुफ्फुसाची गुंतागुंत घटते, हे १९९५ सालीच सिद्ध झालंय. औषधाच्या दुकानात ते मिळतं. फक्त उशाशी कुणीतरी बसून पोराला ओढायला लावायला हवं. दुखत असताना ते आपणहून ओढत नाही.