आधी परात पुसा

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस लागला की पुण्याच्या मासळी बाजारात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाबोळी आहे का?" ती कशी करायची हे तुम्हाला सांगायला नको. तांदळाच्या पिठात घोळवूनच तळावी, रव्याखाली तिची चव दबते, हे माझं ठाम मत आहे. पण आज बोलायचंय ते कढईत न जाणाऱ्या गाबोळीबद्दल, जिच्यातून मासा जन्मतो तिच्याबद्दल. आणि तीसुद्धा आपल्या खुद्रीच्या, म्हणजे निळ्या परांच्या म्हसीरच्या.

आपल्या म्हणते, कारण कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी १८३९ साली या माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. आज त्याच नदीत खुद्री शोधावी लागते.

प्रशिक्षणासाठी मी मावळातल्या एका मत्स्यबीज केंद्रावर होते. ऑगस्टमधली पहाट, पत्र्यावर पाऊस वाजतोय. तिथले जुने कामगार, सगळे त्यांना तात्या म्हणत, ओल्या फडक्यात गुंडाळलेली मादी मांडीवर घेऊन बसले. असेल चार किलोंची. फडक्याचं टोक त्यांनी तिच्या डोळ्यांवर ओढलं. डोळे झाकले की मासा तडफडत नाही. मग पोटाखालून अंगठा हलकेच मागे नेला, आणि मी धरलेल्या परातीत अंडी ओघळली. पिकल्या लिंबासारखी पिवळी, ज्वारीच्या दाण्याहून जरा लहान, सुटी सुटी. त्यांच्यावर नराचं पांढरं रेत, कोंबडीच्या पिसाने ढवळणं, आणि मग पाणी. मला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेवरचं झाकण काढलं, तर निम्म्याहून जास्त अंडी साबुदाण्यासारखी पांढरी. मेलेली. तात्यांनी ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आवाज न चढवता विचारलं, "ताई, परात पुसली होती का?"

परात मी स्वच्छ धुतली होती. पुसली नव्हती.

श्रोतेहो, चूक एवढीच होती. अंड्याला एक सूक्ष्म तोंड असतं, नराचं बीज तिथूनच आत जातं. पाणी लागलं की अंडं फुगायला लागतं आणि ते तोंड मिटतं. नराचं बीजही पाण्यात पडल्यावर काही क्षणच धावतं. माझ्या परातीतल्या थेंबांनी दार आधीच लावून टाकलं होतं. म्हणून पुन्हा सांगते, परात कोरडी. आधी अंडी, मग रेत, पाणी शेवटी. पाणी शेवटी!

मग मी चिमटा घेऊन बसले. पांढरं अंडं राहिलं की त्याला बुरशी धरते आणि ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते, म्हणून एकेक वेचायचं. रोहू वजनाच्या किलोमागे लाखाच्या वर अंडी देते, खुद्री काही हजारच, म्हणून एकेक अंडं मोलाचं. मान मोडून आली, पण चौथ्या दिवशी उरलेल्या अंड्यांतून शेपट्या वळवळल्या. पिवळी पोटं घेऊन ती पिल्लं ट्रेच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून पडली होती. तात्या तेव्हा प्रथम हसले.

आता थोडक्यात बाकीचं. परात कोरडी असली तरी मादीच धड नसेल तर अंडी धड नसतात. गाबोळी भरते ती पावसाआधी कितीतरी महिने. नुसत्या पेंडीवर ठेवलेली मादी दिसते गुबगुबीत, पण चरबी वाढून उपयोग नाही, खाद्यात चांगली प्रथिनं हवीत. अंडी पिकल्यावर काढायला उशीर झाला तरी ती वाया जातात. एकाच नराचं रेत सगळ्या माद्यांना वापरू नये, पुढे नात्यातच जोड्या लागतात आणि वाण खचतो.

आणि जिथली मादी, तिथंच पिल्लं सोडावीत. खुद्री कावेरीची मूळची नव्हे. तिथे ती सोडली, ती फोफावली, आणि तिथला नारिंगी परांचा मोठा म्हसीर हटत गेला. त्याची शास्त्रीय ओळख पक्की व्हायलाच २०१८ साल उजाडलं, तोवर तो नामशेष व्हायच्या काठावर आला होता. चांगल्या मनाने सोडलेलं बीजही चुकीच्या नदीत नुकसान करतं. घरच्या टाकीतले मासे पुलावरून मुठेत सोडणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. आणि नदीकाठी काँक्रीट ओतणाऱ्यांना सांगते, म्हसीरला अंडी घालायला गोटे आणि वाहतं पाणी लागतं, फरशी नाही.

मावळ-मुळशीतल्या माझ्या श्रोत्यांनो, पहिल्या पुरात चढणीचे मासे ओढ्याला लागतात. हातात घेतलेल्या मादीचं पोट टम्म लागलं, तर तिला तिथंच, प्रवाहाकडे तोंड करून धरा. कल्ले नीट हलायला लागले की ती स्वतःच हातातून निघून जाते.

नमस्कार.