दाढेखालचा बार आणि हृदय

(डिचोली तालुक्यातील एका वाचनालयात हृदयविकारतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, वाचनालयाच्या चिटणीसांनी आधीच बजावलंय, 'तोंडाच्या कॅन्सरची चित्रं दाखवू नका, लोक उठून जातात.' चित्रं आणलेली नाहीत. मला आज तोंडाबद्दल बोलायचंच नाहीये. तंबाखू खाणारा माणूस अधूनमधून आरशासमोर गाल ताणून बघतो. पांढरा डाग दिसला नाही की निर्धास्त होतो. छातीत काय चाललंय ते त्या आरशात दिसत नाही.

दवाखान्यात आम्ही विचारतो, 'सिगरेट ओढता का?' समोरचा कानाला हात लावतो. 'छे हो डॉक्टर, घराण्यात कोणी नाही!' माणूस खरं बोलतोय. केसपेपरवर 'धूम्रपान नाही' असं लिहिलं जातं, आणि त्याच वेळी त्याच्या शर्टाच्या खिशातून चुन्याची डबी डोकावत असते. प्रश्नच अर्धवट विचारला, तर उत्तर पुरं कुठून येणार? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले १०.७ टक्के प्रौढ विडी-सिगरेट ओढणारे निघाले आणि धूर न काढता तंबाखू घेणारे २१.४ टक्के, म्हणजे बरोबर दुप्पट. गोव्यात दोन्ही मिळून ९.७ टक्के, देशात सर्वांत कमी. त्याचा आपल्याला अभिमान आहे, असावाही. पण माझ्यासमोर येतो तो त्या ९.७ मधलाच.

आता बार भरल्यावर काय होतं ते बघू. तळहातावर तंबाखू, नखाने चुना, अंगठ्याने मळायचं, दोन थापट्या मारून भुकटी उडवायची आणि चिमूट दाढेखाली. यातला चुना उगाच नसतो. त्याच्यामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक अस्तरातून सरळ रक्तात उतरतं. सिगरेटचं निकोटिन झटकन चढतं आणि लवकर ओसरतं. बाराचं सावकाश चढतं, पण उतरायचं नाव घेत नाही, आणि ते उतरण्याआधीच दुसरा बार भरला जातो. निकोटिनने शरीरात अॅड्रेनलिन सुटतं. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात. हृदयाला काम जास्त, आणि त्याच हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आवळलेल्या. खाणीच्या ट्रकवरचा ड्रायव्हर झोप येऊ नये म्हणून दिवसभर बार भरतो आणि मला विचारतो, 'बीपीची गोळी रोज घेतो, तरी बीपी का उतरत नाही?'

धुराइतकं हे वाईट आहे का? नाही, आणि ते सांगितलंच पाहिजे. धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, बारीक कण असतात. बारात ते नाहीत. ५२ देशांतल्या हृदयविकाराच्या रुग्णांचा 'इंटरहार्ट' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे तंबाखूबद्दलचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. तंबाखू न घेणाऱ्यांच्या तुलनेत हार्ट अटॅकचा धोका ओढणाऱ्यांत सुमारे तिप्पट, नुसती चघळणाऱ्यांत सव्वादोन पट आणि दोन्ही करणाऱ्यांत चौपट. 'सिगरेट सोडली, आता फक्त तंबाखू' म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी मधला आकडा लक्षात ठेवावा.

गुटखाबंदीचं विचाराल, तर गोव्याने ती देशाच्या आधी केली. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थांत तंबाखू घालायलाच मनाई झाली. मग एका पुडीत पानमसाला आणि दुसरीत तंबाखू आली. गिऱ्हाईक दोन्ही पुड्या फोडून हातावर एकत्र करतं. कायदा पाळला गेला म्हणायचा!

बायकांचं वेगळं बोलायला हवं, कारण त्यांना कोणी विचारतच नाही. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी ती मशेरी बोटाने दातांना लावून अर्धा तास बसायचं. 'मी तंबाखू खात नाही, दात घासते,' असं साठीच्या आजी ठणकावून सांगतात. हिरड्यांतूनही निकोटिन तसंच रक्तात जातं. अटॅक येऊन अतिदक्षता विभागात असलेल्या एका आजींच्या उशाखाली नर्सला मशेरीची डबी सापडली. सुनेनेच आणून दिली होती. बिचारी म्हणाली, 'लावल्याशिवाय त्यांना परसाकडे होत नाही हो.'

हे थोतांड नाही. निकोटिन आतड्यांना चालना देतं, आणि ते बंद केलं की पोट खरोखर अडतं. चिडचिड होते, झोप उडते. पहिला आठवडा सर्वांत कठीण. पोटासाठी साधं औषध मिळतं, ते मागून घ्या, पण अटॅकनंतर डबी पुन्हा उघडू नका. ओठाखाली तंबाखू ठेवणाऱ्या स्वीडनच्या लोकांवरचा अभ्यास २०१४ मध्ये आला. अटॅकनंतर ज्यांनी ती सोडली, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण न सोडणाऱ्यांच्या जवळपास निम्मं होतं. सोडणारे एरवीही जास्त काळजी घेणारे असतील, हे मान्य. तरी फरक थोडाथोडका नाही.

सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. छातीत आवळून आलं, घाम फुटला, तर १०८ ला फोन करा. गॅस असेल म्हणून सोडा पीत बसू नका. आणि डॉक्टरांनी फक्त सिगरेटचंच विचारलं, तर आपणहून सांगा: कुठली तंबाखू, दिवसाला किती पुड्या, किती वर्षं. मशेरी असेल तर मशेरी म्हणा. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या वहिनींनी मघाच हात वर केलाय.