नाण्यांचा कौल आणि बारांची कोष्टकं

(ध्वनी: पियानोचा एक तुकडा. थोड्या अंतराने दुसरा.)

चाल हाती लागत नाही, ठेका धरता येत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे दोन तुकडे एकाच रचनेतले वाटतील. पण प्रायोगिक संगीत आणि आवाँ-गार्द (फ्रेंचमध्ये ‘आघाडीची तुकडी’) संगीत यांच्यातलं अंतर इथेच आहे आणि ते नुसत्या कानांना सापडत नाही.

पहिला तुकडा न्यूयॉर्कचे रचनाकार जॉन केज यांच्या ‘म्युझिक ऑफ चेंजेस’मधला, १९५१ सालचा. केज यांनी स्वरांचे, कालमानांचे, आवाजाच्या तीव्रतेचे तक्ते आखले. मग तीन नाणी सहा वेळा उडवायची, ‘ई चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातल्या ६४ आकृत्यांपैकी एक मिळवायची आणि तक्त्यातल्या त्या क्रमांकाच्या घरात जे असेल ते लिहायचं. काही घरांत नुसती शांतता! आपली आवडनिवड त्यांना मुद्दाम बाजूला ठेवायची होती.

दुसरा तुकडा पॅरिसचे रचनाकार पिएर बुलेझ यांच्या दोन पियानोंसाठीच्या ‘स्ट्रक्चर्स’मधला. १९५२ मध्ये तो पहिल्यांदा वाजला, तेव्हा एका पियानोवर स्वतः बुलेझ होते आणि दुसऱ्यावर त्यांचे गुरू ओलिव्हिए मेसियाँ. इथे बारा स्वरांचा क्रम ठरलेला, बारा कालमानांचा ठरलेला, तीव्रतेचाही ठरलेला. प्रत्येक सुराची जागा कोष्टकातून येते. जुनं सगळं पुसून संगीताची भाषा नव्याने घडवायची, हा आवाँ-गार्दचा ध्यास. तिथे रचनाकार पुढच्या फळीत उभा असतो आणि सूत्रं त्याच्या हातात असतात.

प्रायोगिक संगीतात तो ती सूत्रं सोडून देतो. ज्या कृतीचं फळ आधी माहीत नसतं, ती प्रायोगिक, असं केज म्हणत. १९४६ मध्ये भारतीय संगीतकार गीता साराभाई न्यूयॉर्कला आल्या होत्या. मन शांत करावं, दैवी प्रभावासाठी ते मोकळं व्हावं, यासाठी संगीत असतं, हा त्यांच्या गुरूंचा विचार केज यांनी त्यांच्याकडून ऐकला आणि पुढे अनेकदा सांगितला. माझ्या मते केज यांच्या नाण्यांमागचं कारण समजायला हा धागा फार मोलाचा आहे.

केज आणि बुलेझ मित्र होते, अटलांटिकपलीकडून एकमेकांना लांबलचक पत्रं लिहीत. सूत्रं हातात ठेवायची की योगायोगावर सोडायची, याच प्रश्नावर ती मैत्री विरली. १९५७ मध्ये बुलेझ यांनी एका लेखात योगायोगावर भिस्त ठेवण्याला रचनाकौशल्यातली दुर्बलता झाकण्याचा प्रकार म्हटलं.

पुढच्याच वर्षी केज जर्मनीत डार्मश्टाटला व्याख्यानांसाठी आले. तिथे त्यांनी स्वतःच्याच ‘म्युझिक ऑफ चेंजेस’वर टीका केली. सूर नाण्यांनी निवडले खरे, पण एकदा कागदावर उतरल्यावर वादकाला ते जसेच्या तसे वाजवावे लागतात. मग तो कुठे मोकळा राहिला?

त्याच वर्षीच्या त्यांच्या ‘कॉन्सर्ट फॉर पियानो अँड ऑर्केस्ट्रा’ला सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपीच नाही. पियानोवादकासाठी ६३ पानं आहेत. त्यांतली किती वाजवायची आणि कोणत्या क्रमाने, हे त्याने ठरवायचं.

(ध्वनी: त्याच पानांची दोन वेगवेगळी वादनं, एकापाठोपाठ एक.)