बारीक अंगकाठी आणि रोजचे ताट

[दृश्य : सकाळची महात्मा फुले मंडई. पालेभाज्यांच्या जुड्या, मोड आलेल्या कडधान्यांच्या टोपल्या.]

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक होते पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती आहे हे दाखवणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. आशियाई लोकांना लावल्या जाणाऱ्या २३ या कडक मर्यादेच्याही तो आत होता. मात्र शरीरातील मेद प्रत्यक्ष मोजला, तेव्हा तो युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरला.

आपल्याकडे जाड माणसाला खाण्यावरून चार शब्द ऐकवले जातात, आणि बारीक माणसाला ‘याला काय, काहीही खाल्ले तरी चालते’ असे म्हणून मोकळे सोडले जाते. या छायाचित्राने त्या समजुतीलाच धक्का दिला. काटकुळ्या दिसणाऱ्या माणसाच्याही पोटात, यकृताभोवती आणि यकृतात मेद साठलेला असू शकतो. तो साठला, की शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही, रक्तातील साखर हळूहळू चढू लागते आणि रक्तवाहिन्यांची हानी सुरू होते. वजनकाट्यावर यातले काहीच दिसत नाही. कंबरेभोवती गुंडाळलेली साधी टेप त्या काट्यापेक्षा अधिक खरे सांगते. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर या घेरापुढे धोका वाढतो, असे मानले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, आणि १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. हे सगळे लोक लठ्ठ असते, तर निदान त्यांना आधीच सावध तरी करता आले असते.

[दृश्य : पुण्याजवळच्या गावातील शेत. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चाललेल्या स्त्रिया.]

हा मेद येतो कोठून, याचे उत्तर शोधताना पुण्यातील संशोधक फार मागे, थेट गर्भावस्थेपर्यंत गेले. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर स्त्रियांच्या आहाराचा आणि त्यांच्या बाळांच्या वाढीचा अभ्यास सुरू झाला. ही बाळे जन्मतः सरासरी २.७ किलो वजनाची होती, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो होते. पुण्याकडची बाळे जवळजवळ प्रत्येक मापात लहान होती. त्यांच्या दंडांवर स्नायू कमी होते, पोटाचा घेर लहान होता. पाठीवरच्या त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून होता. म्हणजे बाळ अशक्त दिसत असले, तरी त्याच्या शरीराची घडण स्नायू कमी आणि मेद जास्त अशी आधीच झालेली होती.

या अभ्यासातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष असा, की आई एकूण किती जेवते यापेक्षा ती काय जेवते, याचा बाळाच्या वाढीशी अधिक स्पष्ट संबंध दिसला. ज्या स्त्रियांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार येत होते, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. मेथी, चाकवत, माठ या मंडईत सहज मिळणाऱ्या जुड्या आहेत. त्यासाठी कोणताही महागडा डबा विकत आणावा लागत नाही. याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. फोलेट हे पालेभाज्यांतून मिळणारे ब गटातील जीवनसत्त्व भरपूर पण ब-१२ कमी, अशी स्थिती असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी दाद देण्याची लक्षणे अधिक दिसली. ब-१२ वनस्पतींमधून मिळत नाही. ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून येते. शाकाहारी घरात त्याचा आधार दूध, दही आणि ताक एवढाच उरतो. चहात घातलेले दोन चमचे दूध ती गरज भागवू शकत नाही.

[दृश्य : दुपारच्या जेवणाचे ताट, वरून घेतलेले.]

आता शहरातील नोकरदार घराचा एक साधा दिवस पाहू. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारच्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहाबरोबर खारी नाहीतर टोस्ट, आणि रात्री पातळ वरण घातलेला भात. यातला कोणताही पदार्थ वाईट नाही, आणि यांपैकी एकही वर्ज्य करा असे या निवेदनाचे म्हणणे नाही. अडचण आहे ती प्रमाणाची. सकाळपासून रात्रीपर्यंत पिष्टमय पदार्थच एकामागोमाग एक पोटात जातात. ताटाच्या उजव्या बाजूची भाजी आणि आमटी तोंडी लावण्यापुरती उरते आणि डाव्या बाजूच्या कोशिंबिरीची जागा लोणच्याने घेतलेली असते. ज्याच्या अंगावर स्नायू मुळात कमी आहेत आणि ज्याचा दिवस खुर्चीत जातो, त्याच्या शरीराला एवढे पिष्ट वापरता येत नाही. उरलेल्याचा मेद होतो, आणि तो आधी पोटात साठतो.

साठ किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा मटकीत साधारण २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात, पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ मूठभरही नसते. म्हणून वरण घट्ट करणे, आणि मोड आलेल्या मटकीची, मुगाची किंवा मसुराची उसळ पाहुण्यांची वाट न पाहता आठवड्यातून चार-पाच वेळा करणे, हा अगदी साधा पण दूरवर उपयोगी पडणारा बदल आहे. धान्याच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला आवश्यक घटक कमी असतो आणि कडधान्यांत तो भरपूर असतो, त्यामुळे भाकरी आणि उसळ एकत्र खाल्ली की धान्याची ही उणीव भरून निघते. ज्वारीत आणि बाजरीत शंभर ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते ३ ग्रॅमही नसतात. गव्हाची कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून दिला, तर त्याच दिशेने आपलेही नुकसान होते.

नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली आहार आणि आयुर्मान यांचा गणिती अंदाज मांडला. अमेरिकेतील नेहमीचा आहार विसाव्या वर्षी सोडून आरोग्याला अधिक पोषक आहार घेतला आणि तो कायम टिकवला, तर आयुष्य दहा वर्षांहून अधिक वाढू शकते, आणि हाच बदल साठाव्या वर्षी केला तरी सुमारे आठ वर्षे मिळू शकतात, असे त्यातून निघाले. हा अंदाज तेथील लोकसंख्येचा आहे. तो जसाच्या तसा पुण्याला लावता येणार नाही. तरीही त्यात सर्वाधिक लाभ देणारे पदार्थ ठरले ते कडधान्ये, अखंड धान्ये आणि सुकामेवा. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातील डब्यांत यातले बहुतेक होते, हे मला फार दिलासा देणारे वाटते.

उपवासाच्या दिवसांविषयीही बोलायला हवे, कारण ते पुण्यात वर्षभर येत राहतात. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदापासून केलेला, जवळजवळ शुद्ध पिष्टाचा पदार्थ आहे. दाण्याचे कूट नसते तर खिचडीत प्रथिने नावालाही राहिली नसती. मधुमेह असलेल्या व्यक्तीने एकादशीला वरी, राजगिरा, शेंगदाणे, दही आणि काकडीची कोशिंबीर यांवर भर दिला, तर व्रतही पाळले जाते आणि साखरही एकदम चढत नाही.

मिठाचे गणित थोडक्यात सांगता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. पापड, लोणचे, फरसाण आणि बेकरीचे पदार्थ यांतूनच त्यातला मोठा वाटा संपतो, आणि रक्तदाब वर्षानुवर्षे चढत राहतो.

[दृश्य : वसतिगृहाजवळची मेस. दुपारच्या जेवणाची रांग.]

सहा गावांत जन्मलेली ती मुले आता तिशीच्या आसपास आहेत. ती तारुण्याच्या उंबरठ्यावर असताना, २०१२ पासून, त्यांना ब-१२ ची पूरक मात्रा देण्याचा प्रयोग सुरू झाला. उद्देश असा, की त्यांना स्वतःला मुले होण्याआधीच शरीरातील उणीव भरून यावी आणि पुढच्या पिढीची घडण तरी वेगळी व्हावी. याच वयाची असंख्य मुले-मुली शिक्षणासाठी पुण्यात येतात, मेसमध्ये आणि टिफिनवर जेवतात आणि काही वर्षांतच आईबाप होतात. मुलाची किंवा मुलीची मेस ठरवताना पालक खोलीपासूनचे अंतर आणि महिन्याचे पैसे विचारतात. त्याच वेळी आठवड्यातून किती दिवस उसळ असते, पालेभाजी केव्हा होते आणि जेवणाबरोबर दह्याची वाटी मिळते का, हेही विचारावे. मेस चालवणाऱ्या ताईंना पुरेशा पालकांनी हे विचारले, तर बटाट्याच्या भाजीचे दोन दिवस मटकीला द्यायला त्यांची हरकत असण्याचे कारण नाही.